सगळ्या परंपरा शेवटी एकच सांगतात का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ गेली काही वर्षं नामजप करतात. मधल्या काळात ते विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले. त्यांची एक ख्रिस्ती सहकारी रोज पहाटे मौनप्रार्थनेला बसते. दोघांच्या बोलण्यात अनुभव इतके जुळतात की वाटा वेगळ्या आणि मुक्काम एकच, असं त्यांना वाटू लागलं आहे. पण ग्रंथ उघडले की याच परंपरा एकमेकींना ठामपणे खोडून काढताना दिसतात. त्यांचा प्रश्न असा: जुळतं ते खरं, की खोडतात ते खरं? आणि सगळं एकच असेल तर एकाच वाटेला चिकटून राहायचं कशाला?

मी ध्यान शिकवतो. वेगवेगळ्या परंपरांच्या साधकांबरोबर बसण्यात आणि त्यांचं म्हणणं त्यांच्याकडूनच समजून घेण्यात माझं बरंच आयुष्य गेलं आहे. त्या आधारावर सांगतो. साधकाच्या वाटेत आडवं काय येतं, याबाबत जगभरच्या परंपरांचं थक्क व्हावं इतकं एकमत आहे. ते अडथळे दूर कसे करायचे यातही बरंच साम्य आहे, पण वरून दिसतं तितकं नाही. आणि हे सगळं करून पोहोचायचं कुठे, यात मात्र खरेखुरे मतभेद आहेत. बहुतेक चर्चा या शेवटच्या प्रश्नापासून सुरू होतात आणि तिथेच अडकतात. आपण अडथळ्यांपासून सुरुवात करू.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती साधू एकेकट्या कोठडीत राहत. त्यांच्यातला एव्हाग्रिअस (मृत्यू ३९९) हा मनाचा फार बारीक अभ्यासक होता. साधकाला छळणाऱ्या विचारांचे त्याने आठ प्रकार केले: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. यातल्या उबगेचं त्याने केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. भर दुपारी साधूला वाटू लागतं की सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे. त्याची नजर सारखी खिडकीकडे जाते. तो कोठडीबाहेर येऊन सूर्याकडे बघतो आणि जेवणाची वेळ किती लांब आहे याचा अंदाज घेतो. कोणी भेटायला येतंय का, ते पाहतो. मग त्या जागेचा राग येतो, हातातल्या कामाचा राग येतो. इथल्या लोकांत आता जिव्हाळा उरला नाही असं वाटतं. दुसरीकडे गेलो तर साधना नीट होईल, देवाला काय, कुठेही भजता येतं, असं मन समजावू लागतं. घरची माणसं आठवतात, आणि पुढचं उरलेलं लांबलचक आयुष्य डोळ्यांपुढे उभं राहतं.

शिबिरातली तुमची चौथ्या-पाचव्या दिवसाची दुपार आठवून बघा. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने ती तुमच्याआधी लिहून ठेवली आहे.

पाली ग्रंथांत बुद्धाने सांगितलेली पाच नीवरणं म्हणजे अडथळे आहेत: कामच्छंद म्हणजे विषयांची ओढ, व्यापाद म्हणजे द्वेष, थीनमिद्ध म्हणजे सुस्ती आणि झोप, उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे अस्वस्थता आणि पश्चात्ताप, आणि विचिकिच्छा म्हणजे शंका. त्याचा शिष्य मोग्गलान ध्यानात पेंगत होता तेव्हा बुद्धाने त्याला दिलेला सल्ला अगदी पायरीपायरीचा आहे. ज्या विचारामुळे झोप येते तो सोड. नाही जमलं तर शिकलेलं आठव, मोठ्याने म्हण. तरी झोप गेली नाही तर कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ. मग उठून डोळ्यांना पाणी लाव, दिशा न्याहाळ, ताऱ्यांकडे बघ. प्रकाशाची भावना कर. येरझाऱ्या घाल. काहीच जमलं नाही तर उजव्या कुशीवर जागरूकपणे आडवा हो, आणि जाग येताच ऊठ. ज्याने स्वतः झोपेशी झुंज घेतली आहे त्यालाच हे सुचणार.

योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींच्या यादीत नऊ अंतराय, म्हणजे अडथळेच, आहेत. व्याधी, आळस, संशय, प्रमाद वगैरे ओळखीचे आहेतच, पण शेवटचे दोन मला फार मोलाचे वाटतात: अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. धडपड करूनही अवस्था हाती लागत नाही, आणि लागली तरी तिथे टिकता येत नाही. नवशिक्याला पहिला भेटतो. अनेक वर्षं बसलेल्याला दुसरा छळतो.

बौद्ध आणि योग एकाच मातीतले, त्यांच्यात देवघेव झालीच होती. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चौघे दोन्हीकडे जसेच्या तसे सापडतात. पण एव्हाग्रिअसची घडण ग्रीक तत्त्वज्ञान आणि बायबल यांतली. देव, जीव, जग यांबद्दल त्याची मतं पूर्ण वेगळी, तरी बसलेल्या माणसाच्या मनात दुपारी तीन वाजता काय चालतं याबद्दल त्याचं आणि बुद्धाचं म्हणणं जवळपास सारखं आहे.

सर्वांत सूक्ष्म अडथळ्यावर तर हे एकमत आणखी पक्कं होतं. तो अडथळा म्हणजे साधनेचाच अभिमान. एव्हाग्रिअस म्हणतो की लौकिकाच्या हावेतून सुटणं अवघड आहे, कारण ती मारायला तुम्ही जे कराल त्याचंच नवं कौतुक तुम्हाला वाटू लागतं. इस्लामी परंपरेत दिखाऊ भक्तीला 'रिया' म्हणतात, आणि हा लपलेला दोष मुंगीच्या चालीपेक्षाही कळायला कठीण मानला आहे. त्यावर विस्ताराने लिहिणारे इमाम गझाली हे बगदादच्या निझामिया मदरशातले नामांकित आचार्य होते. आपण शिकवतो ते ईश्वरासाठी नसून प्रसिद्धीसाठी, हे स्वतःबद्दल त्यांच्या लक्षात आलं. त्यांची वाचाच बसली, शिकवणं अशक्य झालं, आणि १०९५ मध्ये ते पद सोडून निघून गेले. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

इथपर्यंतचं साम्य मी निःशंकपणे खरं मानतो. माणसाचं मन सगळीकडे सारखं खोड्या करतं, आणि जो कोणी प्रामाणिकपणे त्याच्याकडे पाहत बसतो त्याला त्याच त्या खोड्या दिसतात.

नीतीच्या मूळ नियमाचंही तसंच. स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये, हे कन्फ्यूशियसने सांगितलं, ज्यू आचार्य हिल्लेलने सांगितलं, महाभारतातल्या अनुशासनपर्वात आहे, आणि येशूने तेच होकारार्थी रूपात मांडलं. मात्र 'दुसरा' म्हणजे कोण, इथे परंपरा वेगळ्या होतात. जैन मुनीसाठी त्यात पाण्यातले आणि मातीतले एकेंद्रिय जीवही येतात. कन्फ्यूशियसच्या विचारात आधी आईवडील, मग कुळ, मग बाकीचे, अशी जिव्हाळ्याची उतरंड आहे आणि ती योग्यच मानली जाते. नियम एक असला तरी त्यातून उभं राहणारं आयुष्य एकसारखं नसतं.

आता उपायांकडे येऊ. तुमचा प्रश्न नामाचा आहे म्हणून नामच घेतो.

देवाचं नाव किंवा छोटं वचन पुन्हा पुन्हा म्हणणं हे इतक्या ठिकाणी सापडतं की त्याला साधनेचं सर्वांत व्यापक रूप म्हणायला हरकत नाही. सूफींचा जिक्र आहे, शिखांचं नामसिमरन आहे, जपानमधल्या शुद्धभूमी पंथाचं अमिताभ बुद्धाचं नामोच्चारण आहे, पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांतली येशूप्रार्थना आहे, आणि वारकऱ्यांचं नामस्मरण आहे. शरीरावर होणारा परिणामही मिळताजुळता असतो. २००१ साली इटलीत लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली मरियेची जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावून मोजमाप केलं. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय व रक्तदाबाचे चढउतार एकमेकांशी जुळले. तुमची आणि तुमच्या सहकारीची शांतता सारखी वाटते त्यामागे शरीराचा हा भाग नक्कीच आहे.

पण जपणारा माणूस आपण काय करतो आहोत असं समजतो? इथे तीन परंपरा जवळून बघू.

ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरचे साधू मान खाली घालून, हनुवटी छातीला टेकवून, नजर छाती-नाभीकडे वळवून, श्वास आवरत म्हणत: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.' चौदाव्या शतकात बार्लाम नावाच्या विद्वानाने त्यांची टवाळी केली: हे बेंबीत आत्मा शोधणारे लोक. ग्रेगरी पालामासने त्यांची बाजू घेतली, आणि १३४१ व १३५१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांनी ती मान्य केली. पालामासचं म्हणणं असं की देवाचं सार कोणालाही कधीही कळत नाही. कळते ती त्याची शक्ती, त्याचा प्रकाश, आणि तोही खरा देवच असतो. पण हा प्रकाश आसनाने किंवा श्वासाने ओढून आणता येत नाही. तो दिला जातो. शरीराची बैठक मन गोळा करायला मदत करते, एवढंच. शिवाय ही प्रार्थना म्हणणारा स्वतःला पापी म्हणवतो, दया मागतो. ते शब्द काढून टाकले तर उरेल ती वेगळी साधना.

जपानमधला शिनरान (११७३–१२६३) याच्याही पुढे गेला. तो हिएई पर्वतावरच्या मठात वीसेक वर्षं कडक साधना करून निराश झाला आणि १२०१ मध्ये शुद्धभूमी पंथाचा आचार्य होनेन याचा शिष्य झाला. पुढे त्याने सांगितलं की अमिताभाचं नाव ही साधनाच नव्हे. नाव घेऊन मी काही मिळवीन, असा हिशोब मनात आहे तोवर 'मी'च शिल्लक आहे. तारण आधीच झालेलं आहे. नामोच्चार म्हणजे त्याबद्दलची कृतज्ञता. किती वेळा म्हटलं हा प्रश्नच त्याच्या दृष्टीने गैरलागू.

वारकरी परंपरेत नाम आणि नामी यांत भेद नाही. नाव म्हणजे देवच जिभेवर. आणि तुकोबा तर मुक्ती आणि संपत्ती नको, संतांची संगत दे, मग खुशाल पुन्हा गर्भवासाला घाल, असं दान मागतात. ज्या जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्यासाठी बाकीच्यांचा सगळा आटापिटा, तो फेरा इथे भक्तीच्या बदल्यात आनंदाने पत्करला आहे.

एकाच्या दृष्टीने नाम ही दयेची याचना आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने आधीच मिळालेल्याची पोच, आणि तिसऱ्याच्या दृष्टीने प्रत्यक्ष देवाचा सहवास. श्वास तिघांचाही संथ होत असेल. पण दहा वर्षांनी या तिघांचं मन एकाच घडणीचं होईल असं मला वाटत नाही, आणि मी पाहिलेल्या साधकांत तसं झालेलंही नाही. योगसूत्रांतही जपाबरोबर अर्थाची भावना करायला सांगितलं आहे ते याचसाठी. अर्थ हा साधनेचा कच्चा माल आहे. वरचं वेष्टण समजून तो फेकता येत नाही.

उपवासाबद्दल थोडक्यात. ज्यूंचा योम किप्पूरचा उपवास प्रायश्चित्ताचा, रमजानचा आज्ञापालनाचा आणि कुराण अवतरलं त्या महिन्याचा, जैन उपवास कर्म झडावं म्हणून. बुद्धाने टोकाची उपासमार करून पाहिली आणि ती निरुपयोगी ठरवली, तर शीख गुरूंनी उपवासाला फारसं महत्त्वच दिलं नाही. पोट रिकामं असणं एवढंच यांत समान.

मुक्कामाच्या प्रश्नावर यायचं तर लांब जायला नको. भारतातल्याच परंपरा शेजारी शेजारी मांडा. सांख्य-योगात शेवटची अवस्था म्हणजे पुरुषाचं (शुद्ध चैतन्याचं) प्रकृतीपासून (जड सृष्टीपासून) पूर्ण वेगळं होणं, आणि पुरुष अनेक आहेत. अद्वैतात वेगळं असं दुसरं काही नव्हतंच, एवढं कळणं म्हणजे मुक्ती. मध्वाचार्यांच्या मते जीव आणि ईश्वर यांतला भेद मुक्तीतही कायम राहतो, आणि राहिला नाही तर भक्तीचा आनंद घेणार कोण? जैन मतात प्रत्येक मुक्त जीव विश्वाच्या शिखरावर स्वतंत्रपणे, अनंत ज्ञानासह राहतो. तो कोणात विलीन होत नाही आणि त्याच्यावर कोणी ईश्वरही नाही. बुद्ध म्हणतो की ज्याला तुम्ही कायमचा आत्मा समजता तसं शोधूनही काही सापडत नाही, आणि ती पकड सुटणं हेच निर्वाण. या लोकांनी हजारभर वर्षं एकमेकांचे ग्रंथ वाचून, एकमेकांची भाषा बोलून वाद घातले. त्यांना एकमेकांचं म्हणणं कळत नव्हतं असं मानायला जागा नाही. 'तुम्ही सगळे एकच म्हणत होता' असं आज त्यांना सांगणं म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या विचाराला बाजूला सारणं होय.

यावर हमखास एक उत्तर येतं: हे पंडितांचे वाद, अनुभव घेणारे संत सगळे एकच सांगतात. हे मत गंभीरपणे घ्यायला हवं, कारण ते मांडणारे काही मोठे लोक होते. मुघल शहजादा दारा शुकोहने पंडितांच्या मदतीने १६५७ मध्ये पन्नास उपनिषदं फारसीत आणली, ती याच श्रद्धेने. त्या कामाबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे. तरीही अनुभवाचा मुद्दा मला अर्धाच पटतो.

खोल एकाग्रतेत विचार थांबणं, 'मी'ची सीमा विरघळणं, सगळं एकच असल्याचा प्रत्यय येणं, हे अनुभव अनेक परंपरांत येतात. इथवर ठीक. पण त्या अनुभवाची किंमत काय, यावर संतांचंच एकमत नाही. सिद्धार्थ गौतम घर सोडल्यावर आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे शिकला. त्यांच्याकडची सर्वोच्च ध्यानावस्था त्याने मिळवली, गुरूंनी त्याला आपल्या बरोबरीचं स्थान देऊ केलं, आणि तो निघून गेला, कारण इतकी सूक्ष्म अवस्थाही त्याला शेवट वाटली नाही. अनुभव तोच होता, निवाडा वेगळा.

सूफींमध्येही हेच. 'मीच सत्य' म्हणणाऱ्या हल्लाजला ९२२ मध्ये बगदादमध्ये मारण्यात आलं. त्याच शहरातले थोर सूफी जुनैद (मृत्यू ९१०) यांनी बेहोशीपेक्षा शुद्धीवर येण्याला वरचं स्थान दिलं: स्वतःला विसरून जाणं ही पायरी, आणि परत येऊन सेवकपण निभावणं ही त्यापुढची. पुढे पंजाबातले शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांनी हे आणखी स्पष्ट केलं. सगळं एकच आहे, हा अनुभव आपल्यालाही आला, आणि तो मागे टाकून आपण पुढे गेलो, असं ते लिहितात. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत; म्हणून तारे नाहीतच असं नव्हे. एकत्व पाहण्यात आहे, असण्यात नाही, आणि सर्वांत वरची अवस्था म्हणजे दासपण. म्हणजे जो अनुभव अद्वैती साधक शेवटचा मानतो, तोच सरहिंदी मधला मानतात. दोघेही अनुभवाच्या बळावर बोलतात, ऐकीव माहितीवर नाही. 'अनुभवाला विचारा म्हणजे वाद मिटेल' ही अपेक्षा म्हणूनच फोल ठरते.

प्रयत्न की कृपा, या प्रश्नावरची रेघ तर धर्माधर्मांच्या मधून जातच नाही, प्रत्येक धर्माच्या पोटातून जाते. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं तसं भक्ताने धरायचं, की मांजर पिल्लाला तोंडात उचलून नेतं तसं भगवंताने न्यायचं, यावर दोन शाखा झाल्या. ख्रिस्ती जगात प्रयत्नावर भर देणारा पेलेजियस आणि कृपेवर भर देणारा ऑगस्टीन यांच्यात हाच झगडा झाला आणि ४१८ च्या कार्थेज सभेने पेलेजियसच्या मताविरुद्ध निकाल दिला. जपानी बौद्धांत झेन स्वतःच्या बळावर आणि शिनरान परबळावर. यामुळे गंमतीची नव्हे, तर फार विचार करायला लावणारी गोष्ट घडते: शिनरान हा झेन साधकापेक्षा ऑगस्टीनला जवळचा वाटतो. तेव्हा 'बौद्ध असं म्हणतात, ख्रिस्ती तसं म्हणतात' अशी वाक्यं तुम्ही जपून वापरा.

आणि मुक्ती, आत्मा, परलोक हे प्रश्न सगळीकडे केंद्रस्थानी असतात असंही नाही. मृत्यूबद्दल विचारणाऱ्या शिष्याला कन्फ्यूशियसने उलट विचारलं की जीवन अजून कळलं नाही, मृत्यू कसा कळणार? ज्यू परंपरेत परलोकाबद्दल बोललं जातं, पण रोजचा भर आज्ञा पाळण्यावर, शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस राखण्यावर, हे जग दुरुस्त करण्यावर.

ज्या परंपरांकडे ग्रंथ नाहीत त्यांना आपली तुलना बहुतेक वेळा वगळूनच टाकते, याची मला मनापासून खंत आहे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातले टाओस प्वेब्लो हे आदिवासी लोक एका सरोवराला आपलं पवित्र उगमस्थान मानतात. सरकारने १९०६ मध्ये ते वनखात्याकडे घेतलं. पुढे भरपाई म्हणून पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले आणि लढत राहिले. १९७० मध्ये सुमारे ४८,००० एकर जमीन सरोवरासह त्यांना परत मिळाली. त्यांच्या दृष्टीने ती साधना त्या पाण्याशिवाय होऊच शकत नाही. 'सार' काढून घेऊन कुठेही करता येणारं असं तिच्यात काही नाही. अमेरिकेतल्याच लकोटा आदिवासींनी तर १९९३ मध्ये आपल्या विधींची बाहेर विक्री करणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामाच काढला. 'सगळं एकच आहे' हे वाक्य अशा लोकांच्या कानाला 'तुमचंही आमचंच आहे' असं ऐकू येतं, हे आपण लक्षात घ्यायला हवं.

सगळ्या नद्या एकाच सागराला मिळतात, ही ओळ या विषयात नेहमी येते. विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोत ती उद्धृत केली. मूळ श्लोक शिवमहिम्न स्तोत्रातला आहे, आणि त्यात सागर कोण आहे ते सांगितलेलं आहे: शिव. वेगवेगळ्या वाटांनी जाणारे सगळे शेवटी तुझ्याकडेच येतात, असं भक्त शिवाला म्हणतो. यात मला काही वावगं वाटत नाही, उलट फार सुंदर वाटतं. पण हे वरून, सगळ्यांच्या बाहेरून केलेलं विधान नाही. एका शिवभक्ताने आपल्या घरात उभं राहून दाखवलेलं ते औदार्य आहे. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये इतर धर्मांत सत्याचा किरण असतो असं मान्य केलं, तेव्हा ते सत्य ख्रिस्ताचं होतं. प्रत्येक समाजाकडे प्रेषित पाठवला गेला असं कुराण सांगतं, तेव्हा पाठवणारा अल्ला असतो. दुसऱ्याला जागा देण्याची रीत जवळपास प्रत्येक परंपरेकडे आहे, आणि ती प्रत्येकीची स्वतःची आहे. सगळ्या परंपरांच्या बाहेर उभं राहून त्यांच्याकडे सारख्याच अंतरावरून पाहता येईल अशी जागा मला आजवर सापडलेली नाही.

आणखी एका ठिकाणी मात्र जोरदार एकमत आहे, आणि तुमच्या रोजच्या उपयोगाचं आहे. अनुभवावर भाळू नका, हे सगळेच सांगतात. योगसूत्रं सिद्धींना समाधीतले अडथळे म्हणतात. झेनमध्ये ध्यानात दिसणाऱ्या दृश्यांना, मग ती साक्षात बुद्धाची का असेनात, भ्रम समजून सोडून द्यायला शिकवतात. हवेत उडणारा माणूस दिसला तरी तो धर्माज्ञा पाळतो का ते आधी बघा, असं वचन सूफी संत बायझिद बिस्तामींच्या नावे सांगितलं जातं. स्पेनमधली ख्रिस्ती संत आविलाची तेरेसा (१५१५–१५८२) हिला विलक्षण दर्शनं झाली, तरी शेवटी तिचा आग्रह एकच: यातून कृती यायला हवी. म्हणून तुमचे आणि सहकारीचे अनुभव जुळतात याला मी फार वजन देत नाही. घरातल्या माणसांवरची तुमची चिडचिड कमी झाली आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तेही तुमच्या तोंडून नव्हे, त्यांच्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकाच वाटेला का चिकटायचं. अर्थ हा साधनेचा भाग असेल, तर दोन परंपरांची साधना एकाच वेळी करताना दोन वेगळे अर्थ मनात एकमेकांना ढकलत राहतात. विपश्यनेच्या शिबिरात जप बंद ठेवायला सांगतात त्यामागे जपाचा अनादर नसतो. तिथे श्वास आहे तसा, काही न जोडता पाहायचा असतो. नाम जोडलं की पाहणं संपतं आणि भजणं सुरू होतं. भजताना मात्र तटस्थपणे पाहत बसलात तर नामातला जिव्हाळा आटतो. दोन्ही चांगलं आहे. एका बैठकीत दोन्ही होत नाही. रोजची मुख्य साधना एक ठेवा. दुसऱ्या परंपरेचं वाचन खुशाल करा, पण त्या परंपरेत जगणाऱ्यांनी लिहिलेलं वाचा. आधीच 'सगळं एकच' ठरवून लिहिलेले सारांश नकोत. सहकारीशी बोलताना अनुभव जुळवत बसण्याऐवजी ती कोणापुढे बसते ते विचारा, आणि तिने दिलेलं उत्तर आपल्या शब्दांत बसवण्याची घाई करू नका. तिला तिचं म्हणणं पूर्ण सांगू दिलंत तर तुमचं नामही तुम्हाला अधिक नेमकं कळेल, असा माझा अनुभव आहे.

वाट कधीच बदलू नये असं मी म्हणत नाही. शिनरानने बदलली, गौतमाने दोनदा गुरू सोडले. पण दोघांनीही आधीची वाट शेवटपर्यंत चालून मगच सोडली. उबगेच्या दुपारी उठून नव्हे. परंपराही येणाऱ्याला घाई करू देत नाहीत. दुसऱ्या पंथातून आपल्या भिक्षुसंघात येऊ इच्छिणाऱ्या परिव्राजकाला, म्हणजे फिरत्या संन्याशाला, बुद्धाने चार महिने थांबायला सांगितलं. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्ट या ख्रिस्ती साधूच्या मठात नवख्याला दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग आणखी चार महिन्यांनी पूर्ण नियमावली वाचून दाखवत, आणि दर वेळी अजूनही राहायचं आहे का ते विचारत. तुम्हाला विपश्यनेकडे ओढ वाटत असेल तर आणखी एक शिबिर करा, तिथल्या आचार्यांना जपाबद्दल मोकळेपणाने सांगा, आणि मग निदान वर्षभर काहीही ठरवू नका. तोवर घरी जप चालू ठेवा.